मोठा रस्ता उलटा फिरला

ताईला डेपोत सगळे ‘नाकासमोर’ म्हणायचे. तोंडावर नाही हं! तोंडावर ‘ताई’च. तोंडावर नाकासमोर म्हणायची छाती त्या डेपोत कोणाची नव्हती, अगदी डेपो मॅनेजरचीसुद्धा. बाई एकदा स्टिअरिंगवर बसली की शेजारून कोण हसत चाललंय, कोण भांडत चाललंय, तिला काही देणंघेणं नाही. समोर बघायचं आणि बस हाकायची. स्वभावही तसाच. मनात आलं की तोंडात, आणि तोंडात आलं की बाहेर. स्टॉप सोडून मध्येच कोणी हात केला तर ती थांबणार नाही म्हणजे नाही, मग हात करणारा तिचा सख्खा मामा का असेना.

रस्ताही तिला शोभेलसाच मिळाला होता. शहराच्या पार पोटातून गेलेला, पाच पदरी, दोन्ही अंगांना उंचच उंच इमारती, आणि वन-वे. त्याला नाव होतं, पाटीवर लिहिलेलंही होतं, पण ते कोणी उच्चारत नसे. ‘मोठा रस्ता’ म्हटलं की झालं. स्टेशनापाशी सुरू व्हायचा, नदीवरच्या पुलापाशी संपायचा. पुलाकडून स्टेशनाकडे परत यायचं तर मागच्या अरुंद रस्त्याने, दुकानदारांच्या शिव्या खात आणि हातगाड्या चुकवत. ताई वीस वर्षांच्या वर हेच करत आली होती. जाताना मोठा रस्ता, येताना मागचा.

या रस्त्यावरच्या माणसांची एक गंमत होती. रस्ता ओलांडताना ती फक्त स्टेशनाच्या बाजूला बघत. दुसऱ्या बाजूला बघायचंच कशाला? तिकडून काही येतच नाही! पुढे पुढे मान तिकडे वळेनाशीच झाली. हीच माणसं परगावी गेली की गाडीखाली येता येता वाचत, आणि वर तिथल्या ड्रायव्हरलाच शिव्या देत. ताई त्यांना खूप हसायची. आपलंही तसंच झालंय हे तिच्या गावीही नव्हतं. बँकेचं घड्याळ, विमा कंपनीची निळी पाटी, बंद पडलेल्या थिएटरचा फुटपाथवर आलेला जिना आणि त्या जिन्याच्या भिंतीवरची फाटकी पोस्टरं, तिला रस्त्याचा खडानखडा पाठ होता. पण सगळा एकाच अंगाने. घड्याळाला मागेही एक तबकडी आहे का, जिन्याच्या पलीकडे काय आहे, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सुट्टीच्या दिवशी तर ती त्या रस्त्याचं तोंडही बघत नसे. आठवडाभर बघून वीट यायचा, पुन्हा हौसेने कोण जाणार?

घरी ती आणि बाबा, दोघंच. आई लवकर गेली. लग्नाच्या भानगडीत ताई पडली नाही. बाबाही ड्रायव्हर, याच लाइनवरचे, आणि असे नावाजलेले की त्यांच्या बसमध्ये उभं राहून चहा पीत जावं, थेंब सांडायचा नाही. आणि एक धाकटा भाऊ होता. होता म्हणजे, घरात होता. सात वर्षांपूर्वीपर्यंत.

तोही याच लाइनवर लागला होता, बाबांच्या शब्दावर. एके दिवशी ताई भरलेली बस घेऊन पुलाकडे चाललेली, सिग्नल सुटला, तिने वेग घेतला आणि समोरून बस! वन-वेवर! समोरून! दिवे लावून, हॉर्न कोकलत! ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ती ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली. आतली माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, एका बाईचे पुढचे दोन दात गेले, आणि दोन बस नाकाला नाक लावून थांबल्या. समोरच्या काचेमागे कोण, तर धाकटा!

तो खिडकीतून ओरडून सांगत होता. त्याच्या बसमध्ये एका माणसाच्या छातीत कळ आली होती, हॉस्पिटल मागे राहिलं होतं, वळसा घालून जायचं तर तो माणूस वाटेतच गेला असता, म्हणून चौकात बस फिरवली होती. ताई ऐकण्याच्या मनःस्थितीतच नव्हती. तिच्या भीतीचा राग झाला होता. ती खाली उतरली आणि भर रस्त्यात, शेकडो माणसांसमोर त्याला नाही नाही ते बोलली. पुढे चौकशी झाली. तिथे तिला विचारलं, काय पाहिलंत? तिने पाहिलं ते सांगितलं. नाकासमोर. धाकट्याची नोकरी गेली, आणि त्याच संध्याकाळी एक बॅग खांद्याला लावून तो घरातून निघाला तो निघालाच. छातीत दुखणारा माणूस वाचला होता, हे ताईला फार उशिरा कळलं.

तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते बाबांचं. पोटचा पोरगा घर सोडून गेला, आणि या माणसाने त्याचं नाव काढलं नाही! चार दिवस जेवले नाहीत, झोपले नाहीत, मग हळूहळू सावरले. पुढे तर बरेच खुशीत दिसायला लागले. रोज सकाळी बूट चढवायचे, न्याहारीतला पाव कागदात बांधायचे आणि ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून मोठ्या रस्त्याकडे निघायचे. ताईला बसमधून कधी कधी दिसायचे, पलीकडच्या फुटपाथवर, थिएटरसमोरच्या बाकावर. हात करायचे. तीही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची. पाव कबुतरांना घालत असतील, असं तिने धरलं होतं. बापाचं काळीज इतकं दगडाचं कसं असेल, या विचाराने मात्र तिला कधी कधी रात्रभर डोळा लागत नसे.

मग बाबांच्या डोक्याने दगा दिला. आधी चष्मा सापडेना, मग चष्मा कशाला लागतो ते आठवेना. एकदा भलत्याच बसमध्ये चढले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला अंधार पडेपर्यंत एका स्टॉपवर बसून राहिले. ते सापडेपर्यंत ताईचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “माणसं हळूहळू पुसली जातील. कोणाला भेटवायचं असेल तर उशीर करू नका.”

भेटवायचं कोणाला? दुसरं होतं कोण? धाकट्याला! बाबांना पोराचा चेहरा आठवतोय तोवर त्याला समोर आणून उभं करायचं, याशिवाय ताईला आता दुसरं काही सुचत नव्हतं. तो दूरच्या एका बंदराच्या गावी ट्रक चालवतो, असं कोणीतरी कधीतरी बोललं होतं. तेवढ्या धाग्यावर बाई सुट्ट्या काढून त्या गावी गेली, फोटो घेऊन ट्रकअड्डे पालथे घातले, ड्रायव्हरांची थट्टा ऐकून घेतली, हात हलवत परत आली. डेपोत विचारायची सोय नव्हती. तिथे त्याचं नाव घ्यायचं नाही, असं तिनेच सगळ्यांना ठणकावून ठेवलेलं.

आणि गंमत बघा, याच दिवसांत बाबांना पोरगा आठवायला लागला! रोज सकाळी बूट घालून दाराशी उभे. “सोड मला. पोरगा वाट बघत असेल.” बाबा तीस वर्षं मागे गेले, धाकट्याला शाळेतून आणायला निघालेत, असं तिला वाटायचं. ती समजूत घालायची, “बाबा, शाळा सुटली कधीच. आता मोठा झालाय तो.” ते ऐकायचे नाहीत. पुन्हा हरवले तर? म्हणून तिने दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे, त्या दुपारी जेवण द्यायच्या, दोन शब्द बोलायच्या. कुलूप लावताना ताईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण करणार काय? हल्ली तर बाबा कोणाला हाकही मारेनासे झाले होते. नुसते बूट घालून खिडकीशी बसायचे.

अशातच डेपोच्या फळ्यावर कागद लागला. नवा पूल झाल्यामुळे मोठ्या रस्त्याची दिशा बदलत आहे. सोमवारपासून वाहतूक पुलाकडून स्टेशनाकडे.

डेपोत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. “रस्ता उलटा? म्हणजे काय, सदरा आहे का तो?” एक ड्रायव्हर म्हणाला. दुसरा म्हणाला, “आमची नाकासमोर आता काय करणार? नाक फिरवून घेणार?” म्हणाला आणि मागे वळला तर ताई मागेच उभी. बिचाऱ्याची बोबडीच वळली. पण ताईने त्याला काही म्हटलं नाही. ती फळ्याकडे बघत राहिली होती. हा रस्ता पुलाकडून यायचा म्हणजे समोरून येणारी ती बस तिला आठवत होती. उलटा म्हणजे धाकटा आला होता तसा.

सोमवारी ती पुलापाशी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा, खोटं कशाला सांगू, तिच्या तळहाताला घाम फुटला होता. चौकाचौकात पोलीस शिट्ट्या फुंकत होते. माणसं फुटपाथच्या कडेला उभी, माना भलतीकडेच वळलेल्या, आणि पोलीस ओरडताहेत, “अहो, इकडे! इकडून येतंय!” स्टॉपही सगळे पलीकडच्या फुटपाथवर गेलेले. ताईने गिअर टाकला.

आणि काय सांगू तुम्हाला! वीस वर्षं जिथे भाकरी कमावली तो रस्ता तिला ओळखू येईना! विमा कंपनीची इमारत ती विमा कंपनीचीच का, अशी शंका यावी इतकी वेगळी. बँकेच्या घड्याळाला मागे तबकडी होती की! आणि ती बंद पडलेली. एका इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर हिरवी वेल चढली होती, एवढी मोठी वेल आपण कधी बघितली नाही? कुठे चौथ्या मजल्यावर न्हाव्याचं दुकान, कुठे मोडकी गच्ची. नवऱ्याला मागून टक्कल आहे हे लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळावं, तसं तिचं झालं. ती एकीकडे हबकत होती, एकीकडे तिला हसू येत होतं.

मग थिएटर आलं. तो फुटपाथवर आलेला जिना आता उलट्या बाजूने आला. इतकी वर्षं तिने जिन्याची आंधळी भिंत बघितली होती. या बाजूला भिंत नव्हती. जिन्याखाली एक कोनाडा होता, बऱ्यापैकी ऐसपैस, पुलाकडे तोंड केलेला. वर पाटी, ‘बॅग व चेन दुरुस्ती’. दोरीला टांगलेल्या बॅगा, एक शिलाई मशीन, आणि मशीनवर वाकलेला धाकटा.

ताईचे डोळे पांढरे झाले. चष्मा लागलेला, केस विरळ झालेले, पण मान वाकडी करून काम करायची ती ढब! ती ढब काय दुसऱ्या कोणाची असते? पाय ब्रेककडे गेला आणि मागे आला, कारण तिथे स्टॉप नव्हता. पुढे स्टॉप आला आणि तिला दिसलाच नाही. “अहो ताई! अहो, थांबवा! स्टॉप गेला!” आतून एकच कालवा. नाकासमोरने स्टॉप चुकवला! वीस वर्षांत पहिल्यांदा. तिने बस बाजूला घेतली, दरवाजा उघडला आणि कपाळ स्टिअरिंगला टेकलं. एक म्हातारे गृहस्थ उतरता उतरता काळजीने म्हणाले, “नवा रस्ता आहे, होतं असं.”

पुढची फेरी तिने कशी मारली तिलाच ठाऊक. भास झाला असेल, दुसरा कोणी असेल, असं मनाला बजावत ती मागच्या रस्त्याने पुलाकडे गेली आणि पुन्हा आली. तो होताच. या वेळी त्याने मान वर केली. समोरून बस येताना पाहून तोही हबकला असावा, कारण हातातली बॅग त्याच्या हातातून खाली पडली. काचेतून दोघांची नजरानजर झाली. मग बस पुढे गेली.

ड्यूटी संपल्यावर ती गणवेशातच चालत निघाली. चालत! मोठ्या रस्त्यावर! काय बोलायचं ते तिने वाटेत दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा बदललं. कोनाड्यासमोर उभी राहिली आणि ठरवलेलं सगळं विसरली.

“सात वर्षं!” तिचा आवाज चिरकला. “सात वर्षं मी समजतेय तू कुठल्या कुठे गेलास. ट्रकवाल्यांच्या पाया पडले मी, तुझा फोटो दाखवत! आणि तू इथे? माझ्या डोळ्यांसमोर?”

“डोळ्यांसमोर नाही गं, ताई,” धाकटा हळूच म्हणाला. “मागे.” तो उठून उभा राहिला होता. “तूच म्हणाली होतीस ना, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून. मग अशी जागा बघितली. इथून तुझी बस गेली की पाठ दिसायची. ताईची बस गेली, म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणायचो आणि कामाला लागायचो.”

ताईला वाटलं, याच्या एक थोबाडीत द्यावी. आणि वाटलं, याला पोटाशी धरावं. दोन्ही जमेना, तेव्हा ती नुसती उभी राहिली. धाकट्याची नजर तिच्या खांद्यावरच्या बॅगेवर गेली.

“रनर नीट चालतोय ना?”

“काय?”

“चेनचा रनर. डेपोतले मेकॅनिक काका ही बॅग घेऊन आले होते, दोन वर्षांपूर्वी, रिटायर व्हायच्या आधी. मीच बसवला.”

ताईने बॅगेकडे असं बघितलं की जणू आत साप आहे. दोन वर्षं ती बॅग तिच्या खांद्यावर होती! काकांना माहीत होतं! डेपोत उठता-बसता ‘ताई, ताई’ करणाऱ्या काकांना! तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ती ग्राहकासाठी ठेवलेल्या स्टुलावर मटकन बसली. तिला वाटलं, आता याहून मोठा धक्का काय बसणार?

तेवढ्यात धाकट्याने विचारलं. इतका वेळ ते त्याच्या घशाशी अडकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. “ताई, बाबा... बाबा आहेत ना गं?”

“आहेत म्हणजे? घरी आहेत. असं काय विचारतोस?”

धाकट्याने मशीनची कड धरली आणि ढसाढसा रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, भर फुटपाथवर! येणारे-जाणारे बघायला लागले.

“मग यायचे का बंद झाले?”

“कुठे यायचे?”

“इथे! रोज यायचे ना ते. मी गेलो त्यानंतर चार दिवसांनी शोधत शोधत आले, तेव्हापासून रोज. पाव आणायचे, आम्ही दोघं खायचो. तुझी बस यायची वेळ झाली की म्हणायचे, थांब, मी बाहेर बाकावर बसतो, ताईला हात करू दे. तुझी बस गेली की परत आत. मी त्यांना शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही. आणि मग एक दिवस आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. महिना झाला. मेकॅनिक काकाही रिटायर होऊन गावी गेलेले. कोणाला विचारू? शेवटी हिय्या करून घरी आलो. जिना चढलो, तर दाराला बाहेरून कुलूप! म्हटलं, संपलं. बाबा गेले, घर बंद झालं, आणि मला कोणी कळवलंही नाही. तसाच जिन्यावरून परत फिरलो.”

कुलूप! कुलपाच्या आत बाबा होते. खिडकीशी, बूट घालून. आणि बाहेर हा. मध्ये एक दार आणि तिने, तिने स्वतःच्या हाताने लावलेलं कुलूप. ‘पोरगा वाट बघत असेल,’ म्हातारा रोज कानीकपाळी ओरडून सांगत होता, अगदी शहाण्यासारखं, अगदी खरं ते सांगत होता, आणि ती त्याला शाळा सुटल्याचं समजावत होती! तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

“बाबांना आठवेनासं झालंय,” शेवटी ती म्हणाली. “हरवायला लागले म्हणून कुलूप लावते. चल. आत्ताच्या आत्ता चल. त्यांना तुझा चेहरा आठवतोय तोवर.”

धाकट्याने लोकांच्या बॅगा तशाच आत कोंबल्या, शटर ओढलं. दोघं पुलाच्या दिशेने भराभर निघाली. रस्ता ओलांडताना दोघांनीही जुन्या सवयीने भलतीकडेच बघितलं. एक टॅक्सीवाला खच्चून ब्रेक मारून थांबला आणि त्याने दोघांचा उद्धार केला. एरवी ताईने त्याला सोडला नसता. आज ऐकून घेतलं.

“मला नाही ओळखलं तर?” जिन्यापाशी धाकटा थबकला. “इतके महिने झाले.”

“ओळखतील. मी आहे ना बरोबर. मी सांगेन त्यांना तू कोण ते.” असं ती म्हणाली खरं, पण कुलूप काढताना तिला किल्ली धड लावता येईना. डॉक्टरांचे शब्द कानात घुमत होते. एवढं करून उशीर झाला असेल तर?

दार उघडलं. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. त्यांनी मान वळवली. ताईने तोंड उघडलं, “बाबा, बघा कोण...”

“अरे!” बाबा ताडकन उठले. गेले कित्येक महिने त्यांना कोणी इतकं चपळाईने उठताना पाहिलं नव्हतं. चेहरा असा उजळला की बघत राहावं. ते धाकट्याकडे झेपावले, त्याचे दोन्ही दंड धरले, गालांवरून हात फिरवला. “किती रे वाळलास! पाव ठेवलाय मी तुझा, रोज ठेवतो.”

ओळखलं! ताईच्या जिवात जीव आला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती पुसायचंही विसरली. पोहोचलो. वेळेत पोहोचलो. देवासारखा रस्ता उलटा फिरला.

पण बाबांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी धाकट्याला आत ओढलं, स्वतः दाराबाहेर डोकावून जिन्यात बघितलं आणि आवाज खाली आणला. “वेडा का तू? इथे कशाला आलास? ताईची ड्यूटी सुटायची वेळ झाली. बघितलं तिने तर घर डोक्यावर घेईल.”

ताईला हसू आलं, रडता रडता. “बाबा, मला कळलंय सगळं. मीच घेऊन आले त्याला.”

आता बाबांनी तिच्याकडे बघितलं. आधी गणवेशाकडे, मग खांद्यावरच्या बॅगेकडे, मग रडून सुजलेल्या चेहऱ्याकडे. आणि अनोळखी बाईमाणसासमोर सरकावं तसे अदबीने जरा बाजूला सरकले.

“या ना, आत या. तुम्ही डेपोतल्या का?” मग धाकट्याला हळूच, “कोण रे या?”

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. “बाबा,” तो म्हणाला, “बाबा, ही ताई. आपली ताई आहे ही.”

“हळू बोल!” बाबांनी त्याला दटावलं. “ताई नाहीये घरात. येईलच आता.”

सकाळी ताईनेच त्यांचं तोंड पुसलं होतं, तिनेच बूट घालून दिले होते. कालही. परवाही. ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली, की आता ओळख पटेल, आता पटेल. त्या डोळ्यांत तिच्याबद्दल नुसती माणुसकी होती आणि थोडा संकोच.

बाबा एक पाऊल पुढे आले. पोराला पाठीशी घेतलं आणि अगदी अजिजीने म्हणाले, “बाई, एक उपकार करा. तुम्ही याला इथे बघितलंत, ते आमच्या ताईला सांगू नका. मनाने चांगली आहे हो ती, माझं सगळं तीच करते. पण फार तापट. हा परत निघून जाईल. नाही ना सांगणार?”

धाकटा काहीतरी बोलणार होता. ताईने त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

“नाही सांगत, काका,” ती म्हणाली, आणि बाबांनी पुढे केलेल्या खुर्चीत बसली.